'येतो' म्हणू नये

"काका, तुम्ही खरंच माणूस मारलाय का?"

हा प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, पण प्रश्न सायकल-शेडच्या मागे दबा धरून बसलेल्या चार पोरींचा होता. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा बाकाकडे बघायचे. यंदा वक्तृत्वाची ढाल आणली आणि जीभ जी सुटली ती सुटलीच. तेच त्या चौघींतल्या रुमैसानं पकडलं. "एवढी ढालवाली आहेस ना साजिरे, मग विचार की जाऊन त्यांना. आहे हिंमत?" आता असं म्हटल्यावर कोण गप्प बसेल? मी तर नाहीच.

हणमंतकाका आमच्या शाळेच्या फाटकाजवळच्या शेडमध्ये मुलांच्या विजेच्या सायकली दुरुस्त करतात. तेव्हा ते ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. डाव्या मनगटावर राखाडी पट्टी, पट्टीवर तांदळाएवढा हिरवा दिवा. त्यांनी मान वर केली.

"व्हय," ते म्हणाले.

मला वाटलं होतं ओरडतील, हाकलतील, निदान 'कुणी सांगितलं तुला?' म्हणतील. 'व्हय'ला काय उत्तर द्यायचं ते वक्तृत्वात शिकवत नाहीत.

"साखर कारखान्याच्या फाटकावर ट्रॅक्टरची रांग हुती. नंबरावरनं भांडान झालं. मी ढकलला त्याला. तो मागच्या ट्रॉलीखाली गेला." त्यांनी ट्यूब पुसली. "ढकलायचं हुतं, मारायचं न्हवतं. पर मेला तो माझ्याच हातानं. अजून काय इचारायचंय?"

"नाही."

"मग तुझा मागचा ब्रेक घासतोय, उद्या गाडी आन. आनि त्या चौघींना म्हनावं, बसलाय तिथं वर गांधीलमाशीचं पोळं हाय."

शेडमागून जी किंकाळी उठली ती पार मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेली. काका पहिल्यांदाच हसले. हात पुसून चहाला निघाले आणि जाता जाता मला म्हणाले, "येतो गं."

दिवा हिरव्याचा पिवळा झाला. पट्टीतून मधाळ आवाज आला, "हणमंतजी, आपण ठीक आहात ना? दीर्घ श्वास घ्या."

"घेतो बाई," काका पट्टीला म्हणाले आणि गेले.

पोरी खो खो हसल्या. मी नाही हसले. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला: पिवळा का?

*

त्या पट्टीचं मला सगळं ठाऊक होतं, कारण माझी आईच 'सोबत' केंद्रात समन्वयक आहे. तुरुंगातून सुटलेला माणूस फाटकाबाहेर पडतो तेव्हा त्याच्याजवळ एक पिशवी असते आणि बसचं भाडं. खोली कुणी देत नाही, काम कुणी देत नाही, घरचे कधी कधी दारही उघडत नाहीत. आई त्यांना खोली, काम, डॉक्टर, कागदपत्रं सगळं मिळवून देते. शाळेतलं हे काम काकांना तिनंच मिळवून दिलं. मला आईचा अभिमान होता. आहे. थांबा, पुढे सांगते.

माणसं थोडी, सुटलेले जास्त, म्हणून पट्टी आली. तिच्या आतल्या बाजूला एक संवेदक नाडी मोजतो आणि दुसरा घाम. माणूस घाबरला, चिडला की त्वचा ओलसर होते आणि तिच्यातून वीज सहज वाहते, ते पट्टीला कळतं. शिवाय पट्टीला कान आहे. ती माणसाचं आणि समोरच्याचं बोलणं ऐकते, त्याचा अर्थ काढते आणि बोलणं लगेच पुसून टाकते. "खासगीपणा जपायला," असं आई सांगते. म्हणजे शब्द जातात, अर्थ उरतो. अर्थ आणि नाडी मिळून यंत्र ठरवतं की हा माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळतोय का. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे काळजी, लाल म्हणजे धोका.

आता अर्थ काढतं कसं? यंत्राच्या पोटात शब्दांचा नकाशा असतो. जे शब्द सारख्या बोलण्यात येतात ते नकाशात शेजारी. 'चहा'च्या शेजारी 'कप', 'भांडण'च्या शेजारी 'मार'. नकाशा बनवणाऱ्यांनी तो परभाषेतल्या लाखो तासांच्या बोलण्यावरून बनवला आणि मग त्यावर आपले मराठी शब्द चिकटवले, दुसऱ्याच्या घरावर आपली पाटी ठोकावी तसे. त्या गावात 'जातो' राहतो 'निरोप'च्या गल्लीत आणि 'येतो' राहतो 'परत येईन, बघून घेईन'च्या गल्लीत.

आणि आपल्यात निघताना 'जातो' कोण म्हणतं? कुणीच नाही! 'जातो म्हणू नये, येतो म्हणावं.' बोलायला लागलेल्या पोरालाही हे आधी शिकवतात. मी रोज सकाळी दारातून 'येते!' म्हणून ओरडते आणि आई स्वयंपाकघरातून 'ये गं, सावकाश!' म्हणते. तिनं 'ये' म्हटल्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रेकच्या निमित्तानं मी आणि रुमैसा शेडमध्ये हजर.

"काका, एक प्रयोग करायचाय. 'येतो' म्हणा."

"येतो." पिवळा. "हणमंतजी, दीर्घ श्वास..."

"आता 'निघतो' म्हणा."

"निघतो." हिरवाच. पण आवाज आला, "हणमंतजी, आपण कुठे निघालात?"

"मुतारीला," काका म्हणाले. रुमैसा हसून हसून घमेल्यात बसायची राहिली.

"आता शेवटचं. 'जातो' म्हणा."

काकांचा चेहरा बदलला. "त्ये न्हाय म्हननार."

"प्रयोगासाठी हो!"

"प्रयोगासाठी बी न्हाय. ब्रेक झालाय, न्या गाडी."

मग घरी आईची प्रशिक्षणाची पट्टी मी माझ्याच हाताला बांधली. 'जाते' म्हटलं, हिरवा. 'येते' म्हटलं, पिवळा. आई आधी हसली, मग हसायची थांबली. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा पिवळा. तिनं त्याच संध्याकाळी वर कळवलं. मला वाटलं, झालं! मी यंत्रातली चूक शोधली, आता ते दुरुस्त करतील आणि मला पत्र पाठवतील.

पत्र आलं. आईला. परिपत्रक होतं ते. 'सर्व लाभार्थ्यांनी निरोप घेताना "येतो" हा संदिग्ध शब्द टाळून "जातो" असे सुस्पष्ट म्हणावे.'

मी ते तीनदा वाचलं. संदिग्ध! आख्ख्या मुलुखाला कळणारा शब्द एका पट्टीला कळत नाही, तर संदिग्ध कोण? शब्द की पट्टी?

"अगं, पुढच्या आवृत्तीत सुधारतील," आई म्हणाली. "तोवर एक शब्द बदलला तर काय बिघडतं?"

"तू बदल ना मग! तू म्हण मला उद्या दारात, 'जा' म्हणून."

आई कणकेच्या गोळ्याकडे बघत राहिली.

*

आणि मग ते झालं.

'सोबत'मध्ये एक फार चांगली गोष्ट आहे. सुटलेल्या माणसाची आणि ज्यांचं त्यानं नुकसान केलं त्यांची, दोघांची तयारी असेल तर, भेट घडवतात. मेलेल्या माणसाच्या बायकोनं, शालनकाकू यादवांनी, स्वतः निरोप धाडला की हणमंताला येऊ दे. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. परतायच्या आत त्यांचा दिवा लाल झाला होता.

लाल म्हणजे काय होतं ते मला तेव्हा कळलं. आमच्या शाळेच्या प्रत्येक पालकाच्या फोनवर एकाच वेळी घंटी वाजली: 'आपल्या पाल्याच्या परिसरातील व्यक्ती धोक्याच्या पातळीवर.' पालकांच्या गटात ठराव आला, शेडमधला माणूस काढा. पप्पांनीही अंगठा दाबला.

"पप्पा! तुमचीच सायकल त्यांनी फुकट नीट करून दिली होती!"

"अगं, सगळ्यांनीच दाबला," पप्पा म्हणाले. माझे पप्पा पतसंस्थेत आहेत आणि सगळे जे दाबतात ते दाबतात.

शेडला कुलूप लागलं. काकांना केंद्राच्या निवासात बसवून ठेवलं आणि सोमवारी सुनावणी ठेवली. पीडिताच्या घरच्या भेटीत दिवा लाल झाला तर सरळ निरीक्षणगृहात पाठवतात. निरीक्षणगृह म्हणजे, आई शंभरदा सांगते, तुरुंग नव्हे. फक्त त्याला कुंपण आहे, पहारा आहे आणि बाहेर पडता येत नाही.

"यंत्र म्हणतं काय नेमकं?" मी आईला विचारलं.

तिनं फोनवर अहवाल उघडला. "लाभार्थ्यानं परत येण्याची धमकी दिली. समोरच्या व्यक्तीनं आव्हान दिलं. लाभार्थ्याची नाडी दोन्ही वेळा..." ती थांबली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. दोघींनाही कळलं होतं.

"ते 'येतो' म्हणाले असणार," मी म्हणाले.

"असणार."

"मग ते ऐकवा ना तिथं!"

"बोलणं पुसलेलं असतं, साजिरी. अर्थच उरतो."

म्हणजे बघा! खरं काय बोलले ते कुणाजवळ नाही. यंत्रानं लावलेला अर्थ मात्र जपून ठेवलाय, आणि तोच पुरावा. आईनं मला समजावलं की एक तोडगा आहे. काकांनी सुनावणीत एवढंच म्हणायचं, 'येतो म्हणालो ही माझी चूक झाली, यापुढे जातो म्हणेन,' आणि पट्टीसमोर 'जातो' म्हणून दाखवायचं. मग लाल काढून टाकतात. "तू सांग त्यांना," आई हळूच म्हणाली. "तुझं ऐकतील. नाहीतर... मला त्यांना तिकडे पाठवायचं नाहीये गं."

*

निवास एसटी स्टँडच्या मागे आहे. काका कॉटवर बसले होते. हाताला काम नाही म्हणून चादरीचा कोपरा घडी करत, उलगडत. मी सगळं घडाघडा सांगितलं. शेवटी म्हणाले, "एकच शब्द आहे हो काका. म्हणा ना."

"तू म्हनशील?"

"मी... तुमच्या जागी असते तर म्हटला असता." खोटं होतं ते. त्यांनाही कळलं.

"मला न्यायला पोलीस आलं तवा आई भाकरी करत हुती," काका म्हणाले. "मला वाटलं, आता काय आपन परत येत न्हाय. म्या म्हनलं, आई, जातो. ती म्हनली, जातो म्हनू नये रं, येतो म्हन. पोलीस दारात. ती म्हनत राहिली, येतो म्हन, एकदा म्हन. म्या न्हाय म्हनलं. कुठल्या तोंडानं म्हननार?" चादरीची घडी सुटली. "मी आत असतानाच गेली ती. आता म्या जातो म्हनत न्हाय. कुनालाच न्हाय. पाठवू देत कुठं पाठवायचं तिथं."

निघताना मी दाराशी आले आणि माझ्या तोंडून आपोआप आलं, "येते, काका."

"ये," ते म्हणाले. दिवा लालचा लाल.

स्टँडपर्यंत मी रडले आणि स्टँडवर आल्यावर मला राग आला. असा राग की रुमैसाला फोन करून मी आधी दोन मिनिटं नुसती तिच्यावरच ओरडले. ती म्हणाली, "माझ्यावर ओरडून झालं असेल तर बोल, कुठे जायचंय?"

"शालनकाकूंकडे. तिथं खरं काय बोलले, ते ऐकणारं तेवढं एकच माणूस आहे."

*

शालनकाकूंची नदीपलीकडच्या वाडीत पिठाची गिरणी आहे. भुवयांवर पीठ, पदर कमरेला. आम्ही ओरडून ओरडून विचारत होतो आणि त्या ओरडून "काय? काय?" म्हणत होत्या. हणमंत हा शब्द ऐकू आला तशी त्यांनी गिरणी बंद केली. एवढी शांतता झाली की मला माझाच आवाज नको वाटला.

"आला हुता," त्या म्हणाल्या. "तोंडच उघडंना. मग म्हनला, वहिनी, माझ्या हातनं झालं. म्या म्हनलं, ठाव हाय. चहा ठेवला. पिला त्यानं. उठला, दारात थांबला आनि म्हनला, येतो, वहिनी."

"मग?"

"मग काय? म्या म्हनलं, या." त्यांनी हातातला पिठाचा ब्रश खाली ठेवला. "आपसूक न्हाय आलं ते, पोरी. आलं घशापर्यंत नि तिथंच बसलं. तो दारात हुबा, पायांत चपला घालून. मला वाटलं, न्हाय म्हनलं तरी कोन काय बोलनार? त्यानं माझा नवरा नेला. पर म्हनलं. या. एवढ्या वर्सांत एवढं जड मी काय उचललं न्हवतं."

मी त्यांना सांगितलं. यंत्राला वाटलं काका म्हणतायत, मी परत येईन, बघून घेईन. आणि तुम्ही म्हणताय, ये की, बघतेच.

त्यांना आधी कळेना. मग कळलं. एक बाई पिठासारखी पांढरी आणि निखाऱ्यासारखी लाल एकदम कशी होते ते मी त्या दिवशी पाहिलं.

"माझा शब्द," त्या म्हणाल्या, "मला न इचारता फिरवला?"

"सुनावणीत सांगाल?"

"बोलावलंय कुठं मला? म्हनं तुम्हाला तरास नको. माझा तरास ह्यांनी ठरवायचा!"

तेव्हा मला नियम आठवला. आईनंच कधीतरी कौतुकानं सांगितलेला. प्रत्येक सुटलेल्या माणसाला एक सोबती नेमता येतो, वस्तीतला कुणीही, सोळा पूर्ण झालेला. सोबती सुनावणीत बोलू शकतो आणि साक्षीदार आणू शकतो. त्यानं तशीच पट्टी घालायची, जोवर त्या माणसाची सुटत नाही तोवर, म्हणजे दोघांचं कळतं. काकांची सुटायला अजून वर्ष होतं. कल्पना किती छान! पण पट्टी बांधून घ्यायला कुणी येत नाही. म्हणून केंद्रातल्या सगळ्यांच्या नावापुढे, सोबती या जागी, यंत्राचंच नाव भरलंय. सेवेचं नाव 'सोबत' आणि सोबतीला माणूस नाही! आईच्या केंद्रात, आईच्या सहीनं. हे मला रस्त्यात सायकलवर लक्षात आलं आणि मी इतक्या जोरात "हॅट!" म्हटलं की पुलावरची म्हैस बाजूला झाली.

"वर्षभर पट्टी?" रुमैसा म्हणाली. "म्हणजे आपल्या गप्पा पण ऐकणार ती?"

"सगळ्या."

"त्या पाटीलसरांच्या नकला पण?"

"त्याचा अर्थ काय लावते बघू."

रुमैसानं जोरात पेडल मारून मला गाठलं. मग म्हणाली, "मी दिवाळीनंतर सोळाची होते. तोवर तू एकटी दम धर."

*

सोमवारी सकाळी आई डबा भरत होती आणि पप्पा चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावर होता. मी गणवेश घालून, वेण्या घालून, आईची प्रशिक्षणाची पट्टी हाताला बांधून ओट्याशी उभी राहिले.

"हे काय बांधलंयस?" पप्पांनी विचारलं.

"आई, पप्पा, ऐका. मधे बोलू नका, नाहीतर मी विसरेन." वक्तृत्वाची ढाल आणणारी मी, माझा आवाज चक्क चिरकला. "मी हणमंतकाकांची सोबती होणार. आज. केंद्र उघडल्यावर पहिली नोंद माझी, आणि ती आई करणार, कारण नियम तिचाच आहे आणि मला सोळा झालीत."

"साजिरी, अगं, माझ्याच केंद्रात..." आई म्हणाली.

"तुझ्याच केंद्रात. तू त्यांना खोली दिलीस, काम दिलंस, मग यंत्रानं चुकीचं ऐकलं तर तू त्यांना 'तुम्ही नीट बोला' म्हणालीस. तू, आई! त्यांनी जे केलं ते ते 'व्हय' म्हणून सांगतात. जे केलं नाही तेही त्यांनी कबूल करायचं?"

"वर्षभर सगळं ऐकेल ती," पप्पा म्हणाले. "घरातलं. लोक काय म्हणतील? तुझा दिवा लाल झाला तर सगळ्यांच्या फोनवर..."

"होऊ दे ना! तेच तर हवंय!" आता आवाज चिरकला नाही. "आजवर ही पट्टी फक्त सुटलेल्या माणसांच्या हातात होती, म्हणून ती काय चुकीचं ऐकते ते कुणाला कळलं नाही. आता मोहित्यांच्या पोरीचं, माझं, ऐकू दे. मी शाळेतून निघताना 'येते' म्हणेन, दुकानातून निघताना 'येते' म्हणेन, तुमच्या पतसंस्थेत येऊन सगळ्या काउंटरवर 'येते' म्हणेन. वाजू देत सगळ्यांचे फोन. मग तो अंगठा माझ्यावर दाबा, पप्पा. दाबाल?"

पप्पांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पुसायला लागले.

आईच्या हातात डब्याचं झाकण होतं. ते तिनं लावलं नव्हतं.

"शालनकाकू खाली रिक्षात बसल्यात," मी म्हणाले. "त्यांनी आज गिरणी बंद ठेवलीय. त्या सुनावणीत सांगणार आहेत, काका काय म्हणाले आणि त्या काय म्हणाल्या. काका 'जातो' म्हणणार नाहीत. मी पण नाही. मी ठरवलंय. तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय."

छाती धडधडत होती. पट्टीला ते कळत असणार. मी दाराशी गेले, चपला घातल्या, दिवा दोघांनाही नीट दिसेल असा हात पुढे धरला आणि म्हणाले,

"येते."